धुलाईच्या दुकानाचा एकशे बारा पानी अभ्यास

सोमवार, दुपार

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (लिहिण्यापुरताच समजावा. आमच्या पुढच्या खोलीत सध्या एका कचेरीच्या चारशे नोंदवह्यांचे गठ्ठे पसरलेले आहेत, त्यामुळे आठांपैकी फार तर तीन अंगं टेकतील एवढीच जमीन शिल्लक आहे.) तुमची कंबर कशी आहे? मामींच्या हातांची सालं निघत होती, ती थांबली का? मागे त्या आल्या होत्या तेव्हा रबरी हातमोजे घालूनच जेवायला बसल्या, आणि आईने विचारलं तर म्हणाल्या, "सवय झाली वन्सं, आता काढले की उघडं पडल्यासारखं वाटतं." आई त्यावर हसली, पण नंतर भांडी त्यांना घासू दिली नाहीत. इकडे आम्ही खुशाल आहोत. आई गुडघे सोडून खुशाल आहे, मी झोप सोडून खुशाल आहे, आणि बाबा जरा जास्तच खुशाल आहेत. या पत्रामागची अडचण तीच आहे.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. तुमचा घरचा फोन बंद लागतो. दुकानाच्या फोनवर आधी एक बाई सांगते की सेवेचा दर्जा राखण्यासाठी हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे, आणि मग तुम्ही येता आणि विचारता, "आपली काय सेवा करू?" मागच्या मंगळवारी मी "मामा, मीच बोलतेय" असं तीनदा सांगितलं, तरी तिन्ही वेळा तुम्ही माझी काय सेवा करू असंच विचारलंत. मामा, तुम्ही माझी सेवा आजवर एकदाही केलेली नाही. उलट तुमच्या रेडिओच्या दुकानात जमिनीवर सांडलेले स्क्रू सुट्टीभर मी वेचलेले आहेत. तेव्हा तुम्ही मला 'ए चुंबक' म्हणायचात. मला तो आवाज हवा होता, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राचं अजून कुणी ध्वनिमुद्रण करत नाही.

मुद्द्याचं आधी सांगते, कारण पुढे मी भरकटणार आहे. येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता बाबा तुमच्या कंपनीच्या करारावर सही करणार आहेत. (कंपनीचं नाव मी या पत्रात कुठेही लिहिणार नाही. कलम सोळाप्रमाणे त्यांचं नाव 'अवमानकारक संदर्भात' लिहिणाऱ्याच्या कुटुंबीयालाही दंड आहे, आणि मी कलमं वाचणारी मुलगी आहे.) सही झाली की पुढच्या खोलीतलं बाइंडिंग बंद. कटिंग मशीन घ्यायला माणूस दुपारी दोन वाजता येणार, त्याला बाबांनी शब्द दिलाय. त्या जागी तुमच्यासारखंच धुलाईचं दुकान, पांढऱ्या फरश्या, निळी टोपी. आणि पुढची खोली व मागची खोली, म्हणजे आम्ही जिथे झोपतो, स्वयंपाक करतो आणि भांडतो तीही, या दोन्हींचे कागद पाच वर्षं कंपनीकडे तारण. आमच्याकडे तिसरी खोली नाही हे तुम्हाला माहीत आहे. दुकानाची कल्पना तुम्ही सुचवलीत. त्याबद्दल मी काही म्हणत नाहीये. बाइंडिंगचं काम आटत चाललंय हे खरंच आहे. या चारशे वह्या कदाचित शेवटच्या, कारण त्या कचेरीतही आता सगळं संगणकावर जाणार आहे.

तर तुम्ही सुचवल्यावर बाबा मला म्हणाले, "सही मागाहून. आधी तू पूर्ण अभ्यास कर. शिकलीस कशासाठी?" मामा, मला भरून आलं. घरातली पहिली पदवीधर म्हणून माझ्या पदवीचा आजवर झालेला उपयोग म्हणजे गल्लीतल्या लोकांचे अर्ज भरणं, औषधांच्या पट्टीवरची तारीख वाचून दाखवणं आणि जिन्यात 'येथे थुंकू नये' ही पाटी लिहिणं. (थुंकतात. पण अक्षराचं कौतुक करून थुंकतात.) तिसऱ्या वर्षाला मला 'संशोधन पद्धती' हा विषय होता आणि त्यात एकाहत्तर मार्क आहेत. ते एकाहत्तर मार्क इतके दिवस नुसते बसून होते, ते एकदम उठून उभे राहिले.

मी एक्केचाळीस प्रश्नांची प्रश्नावली काढली. रोज किती कपडे येतात, मशीन बिघडलं तर कोण येतं, किती दिवसांत येतं, कंपनीने पाठवलेली पावडर सोडून दुसरी वापरली तर काय होतं, असं सगळं. आणि मग मी ती चूक केली जी फक्त एकाहत्तर मार्क मिळवणारी मुलगी करू शकते. पस्तीस मिळवणारीने केली नसती. आम्हाला शिकवलं होतं की ज्या संस्थेचा अभ्यास करायचा तिची पूर्वसंमती घ्यावी, लपूनछपून माहिती काढणं अनैतिक. म्हणून मी प्रश्नावली घेऊन कंपनीच्या कचेरीत गेले आणि संमती मागितली. तिथले विकास अधिकारी (बाबा त्यांना साहेब म्हणतात, मी मनात टायवाले म्हणते, कारण त्यांच्या टायवर लहान लहान वॉशिंग मशिनं छापलेली आहेत) अत्यंत आनंदित झाले. "ताई, असे प्रश्न आम्हाला आजवर कुणी विचारलेच नाहीत," असं म्हणून त्यांनी एक प्रत काढून घेतली, मला थंड पाणी दिलं आणि आठ दिवस मागितले. आठ दिवसांनी अकरा दुकानदारांची यादी हातात ठेवली आणि म्हणाले, "बिनधास्त विचारा." मी त्या अकरा जणांना आणि बारावे म्हणून तुम्हाला टपालाने प्रश्नावली पाठवली. एकाच आठवड्यात बाराच्या बारा उत्तरं परत. आमचे सर सांगायचे की शंभरातल्या चाळिसांनी उत्तर दिलं तरी देवाचे आभार माना. मी आपलं भाबडेपणाने अहवालाच्या नवव्या पानावर लिहून टाकलं, 'प्रतिसादाचे प्रमाण शंभर टक्के.'

मग मी उत्तरं वाचायला घेतली. प्रश्न एकोणीस होता, सकाळी उठल्यावर दुकानाचा विचार मनात आला की कसं वाटतं? पहिल्याने लिहिलं होतं, 'सकाळी उठताच नव्या उमेदीने दुकानाकडे पाय वळतात.' मला छान वाटलं. दुसऱ्याचेही पाय नव्या उमेदीने वळत होते. पाचव्यापर्यंत मला वाटलं की धुलाईच्या धंद्याचा पायांवर काही परिणाम होत असेल. अकरा जणांचे बावीस पाय एकाच उमेदीने एकाच दिशेला वळले तरीही मी विश्वास ठेवला असता, पण बारावे पाय तुमचे होते. मामा, तुमचे पाय सकाळी नऊच्या आत कुठेच वळत नाहीत हे आईला, मामींना आणि तुमच्या शाळेलासुद्धा ठाऊक आहे. प्रश्न तेवीसला, म्हणजे काही तक्रार आहे का, याला तुमच्या अक्षरात उत्तर होतं, 'तक्रार ही सुधारणेची संधी असते.' ज्या माणसाने रेडिओच्या दुकानावर 'घासाघीस करणाऱ्याने आपला रेडिओ आपणच दुरुस्त करावा' असा फलक लावला होता, त्याचं हे उत्तर. मी ते अक्षर बराच वेळ बघत बसले. अक्षर तुमचंच आहे. पण कुणीतरी सांगितलंय आणि तुम्ही उतरवून घेतलंय, असं शुद्धलेखनाच्या वहीतल्यासारखं सरळ आलंय.

तेव्हा मी ठरवलं की आता प्रत्यक्ष पाहणी. नमुना म्हणून बाबांचे दोन सदरे घेतले, दोन्हींवर सरसाचा सारखाच जुना डाग, म्हणजे तुलना करता येईल. आधी गेले यादीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या दुकानात. दुकान बघून डोळे दिपतात. सगळं पांढरं, काचेचं दार, दार ढकललं की घंटी वाजते आणि भिंतीतून आवाज येतो, 'आपल्या आगमनाबद्दल धन्यवाद.' मुख्याध्यापक निळी टोपी घालून उभे होते. चाळीस वर्षं ज्यांना बघून वर्ग उभा राहिला, ते माझ्यासाठी उभे होते आणि मी बसा म्हटलं तरी बसेनात, कारण गल्ल्याच्या मागे खुर्ची ठेवायची परवानगी नाही. मी एकेक प्रश्न विचारत गेले आणि ते प्रत्येक उत्तर माझ्या डोक्यावरून, वरती बघत, खणखणीत आवाजात देत होते. मला वाटलं वर्गात शिकवायची सवय, शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवतात. मग मान वर केली तर छताजवळ कॅमेरा. पडद्यामागून धप्‌ धप्‌ असा आवाज येत होता. मी विचारलं, "हे काय?" ते म्हणाले, "मशीन चालू आहे." तेवढ्यात मशीन खोकलं. चांगलं दीर्घ, छातीतून खोकलं आणि मग पुन्हा धप्‌ धप्‌ सुरू झालं. मुख्याध्यापक कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "प्रश्न सतरा परत विचारता का?" प्रश्न सतरा यंत्रांच्या कार्यक्षमतेबद्दल होता. उत्तर उत्तम असं होतं. निघताना पडदा वाऱ्याने हलला तेव्हा दिसलं, कंपनीचं ते गोल दाराचं मशीन भिंतीला टेकून उभं, त्यावर 'तंत्रज्ञ येत आहे' अशी चिठ्ठी, चार महिन्यांपूर्वीची तारीख टाकलेली. शेजारी टबापाशी त्यांच्या पत्नी उकिडव्या बसून चादरी आपटत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पडदा ओला हात लावून सरळ केला.

दोन दिवसांनी सदरा परत आला. मामा, डाग नव्हता. बारा वर्षांचा डाग त्या बाईंनी हाताने काढला होता, आणि कॉलरच्या आत गिऱ्हाइकाच्या नंबराची जी चिठ्ठी टाचतात तिच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'घेऊ नकोस गं पोरी. चिठ्ठी फाडून टाक.' मी फाडली. पण पुरावा नष्ट करणं संशोधनाला धरून नाही, म्हणून अहवालात परिशिष्ट सात असं लिहून एक कोरं पान ठेवलं आहे. बाबांनी ते पान मोजून, 'छपाई राहिली का गं?' असं विचारलं होतं.

दुसरं दुकान यादीत नव्हतंच. दुसऱ्या एका दुकानाचा पत्ता शोधताना मी चुकले आणि अंधार पडता पडता एका चौकात कंपनीची पाटी लखलखताना दिसली. जवळ गेले तर पाटी चालू आणि दुकान बंद, शटरखालून आत ढकललेल्या जाहिरातींचा ढीग. समोरच्या बँकेच्या दाराशी पहारेकरी बसला होता. त्याला विचारलं, "हे दुकान कधी उघडतं?" म्हणाला, "उघडत नाही. दिवा मी लावतो." मी म्हटलं, तुम्हाला बँकेने सांगितलंय का? "नाही ताई," तो म्हणाला, "दुकान माझंच आहे."

मग त्याने मला आपल्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभा राहिला. (त्याच्या नोकरीत बसायचीही परवानगी आहे.) दुकान दीड वर्षात बसलं. पण करार पाच वर्षांचा, आणि कलम चोवीसप्रमाणे दुकान चालो न चालो, पाटी रोज दिवेलागणीपासून दहापर्यंत पेटलेली हवी, नाहीतर दंड. म्हणून त्याने मुद्दाम समोरच्या बँकेत नोकरी धरली. पगारातून पाटीचं वीजबिल भरतो. "तेवढंच लक्ष राहतं," म्हणाला. मी विचारलं की मग यातून बाहेर पडायचा काही मार्ग? तर हसला आणि म्हणाला, "आहे की. कलम सत्तावीस. आपल्या जागी दुसरा आणायचा. तो सही करतो, तुमचे घराचे कागद त्या दिवशी परत. म्हणून तर सगळे उत्तम सांगतात. तुम्ही आमच्याकडे आला असता ना ताई, तर मीही सांगितलं असतं." त्यानेही एक आणला होता. स्वतःचा सख्खा मेहुणा. सगळं ठरलं, तारीख ठरली, आणि सहीच्या दिवशी सकाळी हा त्याच्या दारात गेला आणि म्हणाला, "मर, पण येऊ नको." मेहुणा अजून त्याच्याशी बोलतो. बायको बोलत नाही, कारण कागद अजून कंपनीकडेच आहेत. हे त्याने मला सांगितलं तसं मी तुम्हाला सांगते आहे, जास्त काही नाही. दुसरा सदरा मी त्याला दाखवला तर म्हणाला, सरस ना, कोमट पाण्यात भिजत घाला, निघेल. निघाला.

त्याच्याकडून कराराची प्रत मिळाली. अक्षर इतकं बारीक की बाबांचं ठसे तपासायचं भिंग लावून वाचली. मग बसले आणि लिहिलं. एकशे बारा पानं झाली, मामा. तक्ते, आलेख, परिशिष्टं, शेवटी आभार (त्यात तुमचंही नाव आहे). चौऱ्याण्णवाव्या पानावर निष्कर्ष आहे, अधोरेखित करून: 'हा व्यवसाय कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये.' त्याखाली एक परिच्छेद मी फार जीव ओतून लिहिला. त्यात असं आहे की, जो स्वतः सुटण्यासाठी दुसऱ्याला आत ओढतो त्याला फसलेला म्हणता येणार नाही, तो कंपनीचा बिनपगारी नोकर झालेला असतो. (हे वाक्य तुम्हाला उद्देशून नाही. निदान लिहिताना नव्हतं.)

आणि मी तो गठ्ठा बाबांच्या हातात दिला. इथे मला बाबांचा धंदा आठवायला हवा होता. तुम्हाला माहीतच आहे, बाबांच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, की बांधणाऱ्याने वाचायचं नाही. वाचत बसला की सरस वाळतो आणि चूल विझते. तीस वर्षांत बाबांच्या हाताखालून हजारो पुस्तकं गेली असतील, त्यांनी एकाचंही पहिलं वाक्य वाचलेलं नाही. ते फक्त पान उलटं लागलंय का आणि क्रम बरोबर आहे का ते बघतात. लेकीचा अहवाल हातात आल्यावर त्यांनी तेच केलं. पानं ठोकून सारखी केली, शिवली, दोन दिवस दाबाखाली ठेवली, ठेवणीतलं मरून रेक्झिन काढलं, आणि वर सोन्याचे ठसे मारले. अहवालाचं नाव लहान, माझं नाव मोठं आणि 'बी. ए.' सगळ्यात मोठं. तीन प्रती. पहिली प्रत बांधून झाली तेव्हा त्यांनी ती सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि डोळेही त्याच बाहीने पुसले.

मी चार दिवस वाट पाहिली आणि विचारलं, "बाबा, वाचलंत?" तर म्हणतात, "वाचायचंय काय त्यात? एकशे बारा पानं! वाईट गोष्टीचा एवढा अभ्यास करतं का कुणी?" मामा, मी बी. ए. आहे, पण याला काय उत्तर द्यावं हे आम्हाला शिकवलेलं नाही. खालचा न्हावी तर अहवाल हातात घेऊन, वजन बघून म्हणाला, "आता डोळे मिटून सही करा." दुसरी प्रत बाबांनी स्वतः नेऊन टायवाल्यांना दिली. त्यांनीही वाचली नाही. (मी ओळखते. पानं चिकटलेली होती तशीच होती.) पण ते इतके प्रभावित झाले की म्हणाले, एवढी तयारी करून येणारं कुटुंब त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि आमची मुलाखत माफ करून सहीची तारीख पंधरा दिवस अलीकडे ओढली. माझ्या अभ्यासाचा आजवरचा एकमेव परिणाम तेवढाच. बाबा पंधरा दिवस आधी बुडणार.

मग मी लाज सोडली आणि तोंडी सांगितलं. बाबा वह्यांना खळ लावत होते, मी समोर उभी राहून चौऱ्याण्णवावं पान मोठ्याने वाचलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, ब्रश थांबवला नाही. मग म्हणाले, "तो मास्तर काय म्हणतो, तो वॉचमन काय म्हणतो, ते राहू दे. तुझा मामा काय म्हणतो?" मी अहवाल मिटला. "उत्तम म्हणतो ना? तीन वर्षं दुकानात बसलाय तो. मला काय खड्ड्यात घालेल?" तेवढ्यात पाणी भरून वर आलेली आई म्हणाली, "माझा भाऊ आहे तो. चार बुकं शिकलीस म्हणून घरच्यांवर संशय घ्यायचा का?" तुमचं उत्तम माझ्याच हातात होतं, तुमच्या अक्षरात, आणि खाली सही.

असो. पत्र लांबलं. मामींना नमस्कार सांगा, आणि हातमोजे काढून थोडा वेळ हात वाऱ्यावर ठेवा म्हणावं. कंबर सांभाळा, टोपी घालून भिजू नका, आणि खरोखर बरे असाल तर बरा आहे असं चार ओळींत, पण तुमच्या नेहमीच्या गिचमिड अक्षरात कळवा.

तुमची भाची,
चुंबक

ता. क. : एक सांगायचं राहिलं. प्रश्न एक्केचाळीस होते हे खरं, पण कंपनीने प्रत काढून घेतल्यावर मला आणखी एक सुचला आणि तो मी प्रत्येक कागदावर शेवटी हाताने लिहिला होता. 'हा धंदा तुम्ही तुमच्या सख्ख्या माणसाला घ्यायला सांगाल का?' त्याचं उत्तर कंपनीकडून कुणालाच आलेलं नव्हतं. दहा जणांनी जागा कोरी सोडली. मुख्याध्यापकांनी 'प्रश्न समजला नाही' असं लिहिलं. तुम्ही काहीतरी लिहून ते इतकं खोडलंत की कागद फाटलाय. मी उजेडात धरून बघितलं, उलटीकडून बघितलं, बाबांचं भिंग लावलं. वाचता येत नाही. ते काय होतं, तेवढंच बाबांना सांगा. शनिवारी अकराच्या आत, दुकानाच्या सोडून कुठल्याही फोनवरून. बाबा माझी एकशे बारा पानं ऐकणार नाहीत, तुमचा एक शब्द ऐकतील.

ता. क. दुसरा : त्यात तुमचं काय जाणार आहे ते मला कळतं. तुमची अजून दोन वर्षं राहिलीत आणि बाबांनी सही केली की तुमच्या घराचे कागद शनिवारीच परत मिळतील. कलम सत्तावीस मी बाबांना वाचून दाखवलं, पण आई तेव्हा पाणी भरायला खाली गेली आहे हे बघून. आईला मी ते सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. तिला कळलं की बाबांच्या सहीने तुम्ही सुटता, तर ती स्वतः पेन उघडून बाबांच्या हातात देईल.

ता. क. तिसरा, मंगळवार सकाळ : पत्र टाकायला निघाले होते, परत येऊन उघडलं. काल संध्याकाळी एक गृहस्थ बाबांकडे जुन्या फोटोंचा आल्बम शिवायला घेऊन आले. बसचे वाहक होते, गेल्या महिन्यात निवृत्त झाले. घर स्वतःचं आहे, तीन खोल्यांचं, कागद स्वच्छ. बोलता बोलता म्हणाले, आयुष्यभर दुसऱ्याला तिकिटं फाडून दिली, आता स्वतःचं काहीतरी सुरू करावं म्हणतो, तुमच्या पाहण्यात काही आहे का? बाबा खळ आणायला आत गेले होते. मी त्यांचा पत्ता मागून घेतला. तो या कागदाच्या मागे लिहिला आहे. शनिवारच्या आत त्यांच्याकडे कुणी गेलं तर तुमच्या जागी कंपनीला बाबांची सही लागणार नाही, आणि तुमचेही कागद सुटतील. मी पाठवलंय असं सांगू नका. माणूस साधा आहे, प्रश्न फारसे विचारत नाही, आणि त्यांच्या घरात शिकलेलं कुणी नाही.